इंदूबाईच्या कनवटीची किल्ली

मित्रांनो, माझ्या पोटात अजून हिंजवडीची धूळ आहे आणि अंगाला कोळवणच्या भाताचा वास. मी एक म्हातारा संगणक. एका कंपनीत नऊ वर्षं राबलो, मग पाठीवर लाल चिकटपट्टी लागली आणि मी भंगाराच्या ढिगात झोपी गेलो.

त्या झोपेतून मला प्रदीपने उठवलं. तो त्याच कंपनीत कामाला होता. साहेबांना विचारून त्याने मला गावी, कोळवणला आणलं आणि माझ्यात एक फुकटची, मोकळी प्रणाली घातली. प्रणाली म्हणजे संगणकाचा जीवच म्हणा ना. ही कुणा एकाच्या मालकीची नव्हती. जगभरातल्या कुणाकुणी सुट्टीच्या दिवशी थोडी थोडी विणलेली. ती अंगात आली आणि मला तरंगल्यासारखं वाटलं. वीज गेली की मला स्वप्नं पडायची. अनोळखी देशांतले अनोळखी हात मला हळूच नीट करत असायचे.

प्रदीपने मला बुद्धविहारात ठेवलं. पण माणसांचं नि माझं सूत काही जुळेना. "ह्याच्यात कोपऱ्यातलं स्टार्टचं बटानच न्हाई," एकजण म्हणाला. "फुकट हाय म्हंजी डेमो आसंल, महिन्यानं बंद पडंल," दुसरा म्हणाला, आणि महिनाभर कुणी माझ्यात काही ठेवलंच नाही. खोटं कशाला बोलू, माझंही चुकत होतं. तिथल्या प्रिंटरशी माझं हाडवैर. प्रदीपची मामेबहीण वैशाली टायपिंगच्या क्लासमधून पत्र आणायची, ते माझ्यावर उघडलं की अक्षरांचा नुसता काला व्हायचा. तिची परीक्षाही त्या दुसऱ्या, सगळ्यांच्या ओळखीच्या प्रणालीवर. "आत्या, ह्ये शिकून माजा काय उपेग?" ती इंदूबाईला विचारायची. तिला तरी काय दोष द्यावा?

इंदूबाई म्हणजे प्रदीपची आई. साठीला आल्यावर ती वाचायला शिकली, आणि अक्षरं आली तोवर डोळे अधू झाले. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, एकेका घराची पाळी. त्यांच्या घरातून आजवर प्रदीपच वाचायचा. यंदा तिला स्वतः वाचायचं होतं. प्रदीपने ग्रंथ माझ्यात घातला आणि अक्षरं भाकरीएवढी केली. दुपारी विहाराची झाडलोट झाली की ती माझ्यासमोर बसायची, काचेवर बोट ठेवून एकेक शब्द वाचायची. स्टार्ट कुठे असतं हे तिला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे ते सापडत नाही म्हणून ती कधी अडली नाही. मला ती फार आवडायची.

तिच्या पाळीच्या आदल्या दिवशी, ती भात बेणायला, म्हणजे भातातलं तण काढायला गेली असताना, वैशालीने मारुंजीहून विकीला बोलावलं. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. "ताई, टेन्शन नको. एकदम ओरिजनलसारखं व्हर्जन टाकतो," तो म्हणाला.

मित्रांनो, पुसलं जाणं दुखत नाही. एकेक खोलीतला दिवा मालवत जावा तसं होतं. ग्रंथ गेला, भाकरीएवढी अक्षरं गेली. नवी प्रणाली अंगावर आली ती ओल्या घोंगडीसारखी. मला ती उचलेचना. मग हे सगळं मला आठवतंय कसं, असं विचाराल. काचेवर इंदूबाईच्या बोटांचे ठसे राहिले होते ना.

दुसऱ्या संध्याकाळी विहार भरला. प्रदीप कामावर. माझ्या पडद्यावर एक गोल फिरत होता, फिरतच राहिला. वैशालीचा चेहरा उतरला.

"आत्या, म्याच पुसाय लावलं. वाटलं, समद्यांना सोपं जाईल. तुमच्या जागी मी वाचू का?"

इंदूबाई उठून माझ्यासमोर येऊन बसली.

"तू फुडल्या साली वाच," ती म्हणाली. "ह्ये साल माजं हाय."

तिने कनवट सोडली. आत निळ्या दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह होता. ती माझ्यासमोर वाचायला बसू लागली त्या पहिल्याच आठवड्यात प्रदीपने तो तिला दिला होता. "आई, ही ह्याची किल्ली. ग्रंथ बी ह्यातच हाय. समदं बिघडलं तरी ह्यानं उठतंय," असं सांगून त्याने तिच्याकडून चारदा करूनही घेतलं होतं. तेव्हापासून ती घराच्या किल्लीसारखी तिने जपली होती.

तिने मला बंद केलं, किल्ली खोचली, पुन्हा चालू केलं. "वरच्या वळीतलं शेवटचं बटान," असं पुटपुटत ती ते दाबत राहिली. आणि ती घोंगडी गळून पडली. माझ्या काचेवर भाकरीएवढी अक्षरं उगवली.

ती अडखळत वाचत होती. एका शब्दावर तीनदा थांबली. सगळ्यांना तो शब्द येत होता, पण कुणीही सांगितला नाही. चौथ्यांदा तिने तो पुरा केला, आणि पुढे गेली.

पुढे प्रदीपने माझी ताकद थोडी वाढवली, आणि आता माझ्यात दोन्ही प्रणाली नांदतात. एक वैशालीच्या परीक्षेसाठी, दुसरी इंदूबाईची. शेवटचं बटण कुठलं, ते वैशाली आत्याकडूनच शिकली. मित्रांनो, ओळखीचं नाही म्हणून कुणाला पुसून टाकू नका. आधी कुणाचं कुणाशी जमलंय ते तरी बघा. आणि कधी विहारात आलात नि माझी काच मळलेली दिसली, तर फडकं उचलण्याआधी इंदूबाईला विचारा.