सोमवारआधीचं पाणी

स्नेहलने मनस्वीच्या दोन्ही कानांमागची ऐकण्याची यंत्रं काढली, रुमालात गुंडाळली आणि रुमाल पर्समध्ये घालून चेन ओढली. चेन अडकली. तिने पुन्हा ओढली, पुन्हा अडकली. शेवटी पर्स तशीच उघडी तिने मैनामावशीच्या मांडीवर ठेवली.

"नीट धर ग. त्यात पाणी गेलं तर प्रितम मला घरात घेणार नाही."

"त्याला कोन ईचारतो," मावशी म्हणाली. "कपडं काड तिचं. तुज्या येळेला तू झबलं फाडून भायेर आलतीस. मीच शिवलेलं, नवंकोरं."

मनस्वी धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात पाय हलवत होती. सकाळचे साडेसात वाजले होते. दशमीची भरती तुडुंब भरून तिवरांच्या फांद्यांना लागली होती. होड्या केव्हाच गेल्या होत्या, त्यामुळे धक्क्यावर या चौघींखेरीज कुणी नव्हतं. चौथी म्हणजे स्नेहलची आई, सत्यवती. ती लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यात उभी होती आणि नातीकडे बघत होती.

सत्यवतीच्या माहेरच्या माणसांना एक गोष्ट जन्माबरोबरच मिळायची. पाचवं वर्ष लागलं की भरतीच्या पाण्यात शिरून पाणमांजर होता यायचं, आणि आईने पाण्यात उभं राहून नावाने हाक मारली की पुन्हा माणूस. घरात त्याला 'पालटणं' म्हणत. बाहेर त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. गोष्ट फुटू नये म्हणून सोयरिकीसुद्धा खाडीकाठच्या चार घरांतच व्हायच्या. स्नेहलचा नवरा प्रितम हा सत्यवतीच्या चुलतभावाचाच मुलगा. पण त्या चार घरांतून आणखीही एक गोष्ट फिरत आली होती. सत्यवतीचे कान आठव्या वर्षी गेले. मनस्वी तर उपजतच बहिरी होती.

"नात्यात लग्न आहे का?" पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. मग त्यांनी कागदावर कानाचं चित्र काढून समजावलं. आतमध्ये बारीक तारेचं यंत्र बसवलं तर मूल ऐकायला शिकेल, बोलायला शिकेल. पण जितकं लवकर तितकं चांगलं, एकेक महिना महत्त्वाचा. मनस्वी तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती.

स्नेहलने तारखा पुढे ढकलल्या. एकदा पोरीच्या तापाचं निमित्त झालं, एकदा कामोठ्याला घर बदलायचं म्हणून. खरं कारण कुठल्याही डॉक्टरला सांगण्यासारखं नव्हतं. अंगात धातू असलेल्या माणसाने पालटायचं नसतं. काशिराममामाच्या मांडीत अपघातानंतर सळई बसवलेली होती, तरी तो हट्टाने पाण्यात उतरला. अंग आखडलं, सळई आखडली नाही. मामा वाचला, पाय गेला. म्हणजे ऑपरेशन झालं की मनस्वीला खाडी कायमची बंद.

आणि घरात सगळे धरून चालायचे की पालटल्यावर दुखणं काठावर राहतं. पुरावा डोळ्यांसमोर होता. कानाशी ढोल बडवला तरी मान न वळवणारी सत्यवती पाण्यातून मात्र हाकेसरशी परत यायची.

"माजी शुगर काय काठावर ऱ्हात नाय," मैनामावशी म्हणायची. "पान्यात पन चार हात मारलं की मला चक्कर." पण मावशीचं बोलणं कोण मनावर घेतंय.

स्नेहलही त्याच भरवशावर थांबली होती. पोरीला पाण्यात ऐकू येत असेल, तर ते एवढंसं ऐकणं तिच्याकडून कसं काढून घ्यायचं? आणि येत नसेल, तर सोमवारी ऑपरेशन. या वेळची तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल ते सांगता येणार नाही, असं हॉस्पिटलमधल्या मुलीने बजावलं होतं. आज शुक्रवार. दुपारच्या आत नक्की काय ते कळवायचं होतं.

"सोड तिला," सत्यवती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच सपाट आणि मोठा. "पानी थांबनार नाय."

स्नेहल मनस्वीसमोर उकिडवी बसली. पाण्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तू जा, मी इथे आहे. मनस्वीने आईच्या गालावर थोपटलं, जणू घाबरायचं काम आईचं होतं. मग आंघोळीला करते तसं दोन बोटांनी नाक धरलं आणि ती पायरीवरून घसरली.

पाण्याखाली एक तपकिरी सावली वळली. पोरीची छोटीशी पाठ एकदा शहारलेली स्नेहलने पाहिली, मग ती पाठ तिच्या ओळखीची राहिली नाही. चार हातांवर एक चपटं, ओलं डोकं वर आलं. त्याने मिशा फेंदारल्या, शिंक दिली.

"शिकली बग," मावशी हसून म्हणाली. "कोनी शिकवायला नको."

पिल्लू उताणं झालं, कुशीवर वळलं, तिवराची एक वाळकी काडी पोटावर घेऊन फिरवू लागलं. मनस्वीला एवढं एकटीने रमलेलं स्नेहलने कधी पाहिलं नव्हतं. बालवाडीत ती नेहमी दुसऱ्यांची तोंडं न्याहाळत बसायची. इथे तिला कुणाच्याच तोंडाकडे बघायचं नव्हतं.

स्नेहल पाण्यात उतरली. गुडघ्यापर्यंत. पायाखालचा चिखल गार होता. तिने दोन्ही पाय घट्ट रोवले आणि श्वास घेतला.

"मनस्वी."

काडी फिरत राहिली.

"मनस्वी."

डोक्यावरून एक विमान खाली खाली येत गेलं. त्या घरघराटाने मावशीने नकळत खांदे आक्रसले, तिवरातले बगळे उठले. पिल्लू काडी चावत होतं.

तिसरी हाक स्नेहलने विमान पुरतं जाऊ देऊन मारली. घसा फाटेस्तोवर. पिल्लाने काडी सोडली, बुडी मारली आणि पाण्यावर फक्त एक वर्तुळ उरलं. तेही पसरून गेलं.

"कुठे गेली?"

मावशी उभी राहिली. पर्स तिच्या मांडीवरून पायरीवर पडली. "थांब, घाबरू नको. येल. कुटं जाते?" पण तिचे डोळे खाडीच्या तोंडाकडे, मोठ्या पाण्याकडे लागले होते.

स्नेहल हलेना. एक पाऊल इकडेतिकडे टाकलं आणि पोर नेमकी तिथेच असली तर? ती हाका मारत राहिली, नुसती हाका, आणि तिच्या कमरेखालचं सगळं अंग दगड झालं होतं.

सत्यवती पाण्याकडे बघत नव्हती. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती, ओठांकडे. मग तिने लुगडं आणखी वर ओढलं, उजवा पाय उचलला आणि पाण्याच्या तळाशी जोरात आपटला. थांबली. दोनदा आपटला.

स्नेहलच्या पोटरीला मिशा लागल्या. पुढच्याच क्षणी तिच्या मांडीला दोन ओले, माणसाचे हात विळखा घालून होते आणि मनस्वी तोंडातलं खारं पाणी थुंकत हसत होती.

मावशीने टॉवेल पुढे केला. स्नेहलने पोरीला पायरीवर बसवलं, गुंडाळलं, आणि मग आईकडे तोंड करून, ओठ नीट दिसतील असं, सावकाश विचारलं.

"आई, तुला पाण्यात ऐकू येतं ना?"

"नाय."

"आता येत नाही?"

"कदीच नाय आला." सत्यवती लुगड्याचा काठ पिळत होती. "हाक मारनारा पान्यात उबा असतो गो. जोर लावून हाक मारतो, तवा त्याचं पाय हालतात. मिशांना समजतं. तू खांबासारकी उबी ऱ्हायलीस, तिला काय समजनार?"

"मग सगळ्यांना असं का सांगितलंस?"

"दहा वर्साची व्हते मी. बा बोलला, हिला हाक ऐकू जानार नाय, हिला पान्यात सोडू नका. मी बोलले, पान्यात ऐकू येतं मना. आनि हाक मारली की येयाची. मग कोनी परत ईचारलाच नाय."

"सत्ये," मैनामावशी हळूच म्हणाली, "माज्या शुगरला सगली हसली, आनि तू गप बसलीस." सत्यवतीचं लक्ष तिच्या ओठांकडे नव्हतं.

"आणि मला?" स्नेहल म्हणाली. "मी कशासाठी थांबले होते, तुला माहीत होतं. दोन वर्षं गेली, आई. दोन वर्षं."

सत्यवतीने तोंड खाडीकडे फिरवलं. बहिऱ्या माणसाने तोंड फिरवलं की बोलणं संपतं. हे घरात सगळ्यांनी कायम मानलं होतं. स्नेहलने आईच्या हनुवटीला धरून तिचं तोंड पुन्हा आपल्याकडे वळवलं. असं तिने जन्मात कधी केलं नव्हतं.

"म्हाईत व्हतं," सत्यवती म्हणाली. हनुवटी तिने सोडवून घेतली नाही. "मशीन तिला तुमी सगली देनार. ह्ये कोन देनार व्हतं?"

स्नेहल वळली आणि मनस्वीचं डोकं पुसू लागली. इतकं खसाखसा की पोर कण्हली. मग तिचा हात सावकाश झाला. मावशीने पायरीवरचा रुमाल उचलून दिला, पण स्नेहल यंत्रं कानाला लावायला जाताच मनस्वीने तिचा हात बाजूला सारला, दोन बोटांनी नाक धरलं आणि पाण्याकडे बघत भुवया उंचावल्या.

फोन स्नेहलने तिथेच उभ्याउभ्या लावला.

"हो, मनस्वीची आई बोलतेय. सोमवारी सकाळी येतो आम्ही. नाही, या वेळी नक्की. उपाशीपोटी ना? हो. नाही, पुढे नाही ढकलायचं."

सत्यवतीने सगळं वाचलं होतं. पदराने तिने फक्त स्वतःचं नाक पुसलं, नातीचं पुसावं तसं.

स्नेहलने फोन ठेवला. आईवरचा तिचा राग तसाच होता. तो आज जाणार नव्हता, बहुतेक वर्षभरही जाणार नव्हता. तरी ती दोन पायऱ्या उतरून आईच्या समोर आली.

"सोमवारच्या आधी," तिने विचारलं, "उजेडातल्या भरत्या किती?"

सत्यवतीने ओठ हलवत हिशेब केला आणि तीन बोटं वर धरली. मग तिने तिवरांकडे पाहिलं. फांद्या पाण्याच्या वर आल्या होत्या, आणि त्यांच्याखाली चिखलाची ओली काळी रेघ उघडी पडू लागली होती.

तिने एक बोट दुमडलं.