नाकासमोर जाणारी गाडी

"हात सोडा! बाबा, आता सोडा!"

तिरप्यांनी दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलले आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. टर्बोची शिट्टी चढली, पाठ सीटमध्ये रुतली आणि ती छोटी लाल गाडी कारखान्यामागच्या मोकळ्या रस्त्यावरून सुसाट निघाली. अगदी नाकासमोर. शेजारी बसलेली थोरली लेक आनंदाने किंचाळत होती आणि हात वर धरलेले तिरपे तिच्याहून मोठ्याने ओरडत होते. समोरून कोणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, बापलेकीवर कोणीतरी बंदूकच रोखलीय.

"गेली गं! सरळ गेली!"

"ब्रेक, बाबा! रस्ता संपतोय!"

गाडी रस्त्याच्या टोकाला थांबली. तिरप्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली, मग लेकीच्या पाठीत मारली, आणि ती जरा जोरातच बसली.

तिरपे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पंपांच्या कारखान्यात ते टर्नर होते, उभं आयुष्य लेथपाशी गेलेलं. हे नाव पडलं ते गाडीमुळे. तिचं इंजिन पुढे आडवं बसवलेलं, आणि ताकद जायची तीही पुढच्याच चाकांना. तिथवर ताकद नेणारे दोन शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, एक आखूड आणि एक लांब. हळू चालवलं तर गाडी गरीब गाय. पण जोरात दाबलं आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो जागा झाला की दोन चाकांची ओढ सारखी राहायची नाही, स्टीअरिंग हिसका मारून उजवीकडे पळायचं. मग तिरपे डावा खांदा पाडून, दात-ओठ खाऊन तिला डावीकडे ओढून धरायचे. हे इतकी वर्षं चाललं, की खांदा खाली गेला तो गेलाच. घरातल्या प्रत्येक फोटोत ते बायकोच्या बाजूला असे झुकलेले दिसत, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस बायकोच्या कानात काही सांगतोय. "सांगतायत कसलं," बायको म्हणायची, "मनात गाडी चालवतायत."

गावाबाहेर विमानांनी कधीच सोडून दिलेली एक धावपट्टी होती. मोटार क्लबवाले तिथे दर वर्षी शर्यत लावायचे. एका वेळी एक गाडी सोडायची, टोकाच्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. एका गाडीला दोन चालक चालत. तिरपे कधी पहिले आले नाहीत, आणि त्याचं त्यांना फारसं दुःखही नव्हतं. दुःख वेगळंच होतं. या गाडीत त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर एकदाही दाबला नव्हता. एरवी क्षणभर दाबायचे, पण शर्यतीत हिसक्याच्या भीतीने नेहमी अर्धाच. गेल्या वर्षी मात्र सुटतानाच पूर्ण दाबायचं धाडस केलं. वर्षानुवर्षं हिसके खाऊन दुखावलेल्या मनगटाने दगा दिला, गाडी उजवीकडच्या गवतात घुसली आणि वेळ मोजणाऱ्यांची छत्री टपावर घेऊनच बाहेर आली. वेळ मोजणारे गृहस्थ शांत स्वभावाचे होते, पण छत्री नवी होती.

"पुढच्या वर्षी पट्टी सोडलीत, तर कायमचे बाद," ते म्हणाले होते.

घरी आल्यावर बायकोनेही निकाल दिला. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. द्या काढून ती गाडी."

"आई, वर्षभर थांब," थोरली म्हणाली. "ती वाकडी का जाते ते तरी शोधू."

थोरली बंदरावर क्रेन चालवायची. लहान घराएवढा डबा दोन बोटांनी दांडी हलवून टेकवायचा, आणि आवाज होऊ द्यायचा नाही, असा तिचा हात. सुट्टी मिळाली की ती येऊन गाडीखाली शिरायची. आधी बापलेकीने पुढचे दोन्ही टायर बदलले. गाडी ओढायची ती ओढतच राहिली. मग चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचे झिजलेले रबरी बुश बदलले, इंजिन ज्यावर बसतं ते दबलेलं माउंटिंग बदललं. ओढ जरा नरमली. चाकं एका रेषेत आहेत का हे बघायला अंगणात गाडीच्या दोन्ही अंगांना दोरी ताणली, ती अर्थातच कपडे वाळत घालायची. बायको ओल्या चादरींची बादली घेऊन उभी.

"आता या काय माझ्या डोक्यावर वाळत घालू?"

"थोडं थांब गं, पाच मिनिटं!"

"तुमची पाच मिनिटं मला ठाऊक आहेत." पण दोरीचं एक टोक तिनेच धरलं, आणि चांगलं ताठ धरलं.

शेवटी तिरप्यांनी मुळावरच घाव घातला. लांब शाफ्टचे दोन भाग करायचे. आतला तुकडा इंजिनाला बेअरिंगमध्ये घट्ट धरायचा, म्हणजे बाहेर दोन्हीकडे सारख्याच लांबीचे, सारख्याच कोनातले शाफ्ट राहतील. तो आतला तुकडा त्यांनी फोरमनला विचारून, पाळी संपल्यावर स्वतः लेथवर काढला. पहिला जरा थरथरला म्हणून फेकला. दुसरा असा बसला, की तिरपे गाडीखालून बाहेरच येईनात. पाठीवर पडून त्याच्याकडे बघत हसत राहिले.

आणि मग ती हात सोडून घेतलेली चाचणी. त्या दिवशी पुन्हापुन्हा केली. दर वेळी हात वर, दर वेळी सरळ.

शर्यतीच्या सकाळी तिघंही धावपट्टीवर पोचली. आधी सरावाची फेरी. वेळ मोजणारे यंदा छत्रीशिवाय बसले होते. झेंडा पडला. तिरप्यांनी पाय तळाला नेला. टर्बो जागा झाला, आणि त्याच क्षणी डावा खांदा पडला, दोन्ही हातांनी स्टीअरिंग डावीकडे ओढलं. इतकी वर्षं जी गाडी त्यांचं ऐकत नव्हती, तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ती सरळ डावीकडच्या गवतात शिरली.

गवतातून मान वर काढून तिरप्यांनी पाहिलं. काहीच मोडलं नव्हतं.

"हा सराव होता म्हणून सोडतो," वेळ मोजणारे लांबूनच ओरडले. "मोजायच्या फेरीत असं झालं, तर संपलं बघा!"

गाडी बाहेर काढल्यावर तिरपे लगेच तिच्याखाली शिरले. बोल्ट बघितले, बेअरिंग बघितलं. सगळं जिथल्या तिथे. थोरली शेजारी उकिडवी बसली.

"बाबा, आपण हात सोडून तपासली ना?"

"मग? सरळच जात होती की!"

"स्टीअरिंग धरून तपासलीच नाही."

तिरप्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग तिरपे बाहेर आले, अंगावरची माती न झटकताच गाडीत बसले आणि क्लबच्या तंबूंमागच्या मोकळ्या मैदानावर गेले. अर्धा दाबला, ठीक. पूर्ण दाबला, खांदा खाली आणि गाडी डावीकडे. पुन्हा केलं. हाताला बजावून केलं. शिव्या घालून केलं. हात ऐकेना. सुरुवातीला त्यांना हसूच आलं. नंतर नाही आलं.

बायको गाडीच्या खिडकीपाशी आली. "अर्धाच दाबा की. नेहमीसारखा."

"अर्धाच दाबायचा होता, तर तुझी दोरी कशाला अडवली एवढे दिवस?"

बायको खाली वाकली. तिने खिडकीतून हात घालून त्यांच्या केसातलं गवत काढलं.

लाउडस्पीकरवर लाल गाडीचा पुकारा झाला. तिरप्यांनी गाडी रेषेपर्यंत आणली, इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरले. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि ते लपवायचं भानही त्यांना नव्हतं. हेल्मेट त्यांनी थोरलीच्या हातात दिलं.

"तू बस."

"बाबा, गाडी तुमची आहे. फेरी तुमची आहे."

"गाडी सरळ झालीय गं. मी नाही झालो." मग घाईघाईने म्हणाले, "ऐक, तिला धरायचं नाही. नुसता हात ठेवायचा, तुझ्या त्या क्रेनवर ठेवतेस तसा. आणि पूर्ण दाब. मध्ये सोडलंस तर बघ!"

थोरलीने हेल्मेट चढवलं. बसली, पट्टा लावला, सीट पुढे ओढली.

झेंडा पडला. टर्बोची शिट्टी चढली, चढतच गेली, आणि लाल गाडी पट्टीच्या मधोमध अशी निघाली, जणू पुढे कोणीतरी दोरी ताणून धरलीय. लोक उठून उभे राहिले. वेळ मोजणारेसुद्धा खुर्चीतून अर्धे उठले. तिरपे कडेने धावत सुटले, "दाब! दाब! सोडू नकोस!" गाडी लहान होत गेली, पिंपाला वळसा घालून पुन्हा मोठी होत आली, आणि येतानाही शिट्टी कुठे तुटली नाही. गवताच्या काडीलाही तिचा धक्का लागला नाही.

"बघितलंस? पूर्ण! पूर्ण दाबला तिने!" तिरप्यांचे डोळे भरले होते. "अगं, बघितलंस का?"

बायकोने बघितलं होतं. गाडीही, आणि नवराही. गाडी रेषेकडे सरळ येत होती, आणि तिरपे पट्टीच्या कडेला उभे होते. दोन्ही मुठी छातीसमोर घट्ट आवळलेल्या, डावा खांदा पार खाली. हवेतलं स्टीअरिंग ते जीव खाऊन डावीकडे ओढत होते.

ती पुढे झाली. त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली, आणि नेहमीसारखा त्यांचा भार आपल्या खांद्यावर घेतला.