सावित्रीची लाथ

संचिताच्या सासूला, सावित्रीला, अख्खं गाव लाथ मारायला बोलवायचं. खोटं नाही! सावित्री जन्मताना पायांकडून आलेली, म्हणजे पायाळू. आणि पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची हलकी लाथ बसल्याशिवाय ती सुटत नाही, याबद्दल कुणकेश्वरात दुमत नव्हतं. परवा तर बँकेचे साहेब अंगणात पालथे पडले होते.

आता संचिताच्या पोटातलं बाळही तसंच बसलेलं. डोकं वर, बूड खाली. नववा सरत आला तरी फिरायचं नाव घेईना. डॉक्टरीणबाईंनी सोमवारी सिझर ठरवलं आणि बजावलं, "आधी कळा आल्या तर घरी थांबू नका."

संचिताला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त. बरगडीखाली लागणारा डोक्याचा टणक गोळा ती चाचपून बघायची आणि सासूला भंडावून सोडायची, लाथेत असतं तरी काय?

"माका काय्येक कळना नाय गो," सावित्री म्हणायची. "लोकांका बरा वाटता, मी मारतंय."

शनिवारी सकाळीच कळा सुरू झाल्या. नवरा ओमकार रिक्षाची चावी घेऊन धावला, तर चुलतसासरे भाई दारातच आडवे आले.

"घाई कित्याक? रुक्मिणी सुईण आसा मा! पोट कापून काढलेल्या पोराक पायाळू कोण म्हणतलो? सावित्रीच्या मागे गावाक कोण?"

खरं सांगायचं तर कळ ओसरल्यावर संचितालाही प्रश्न पडला. खरंच, म्हणतील का? ओमकार एकदा काकांकडे, एकदा आईकडे बघत नुसता उभा. घरात शेवटचा शब्द सावित्रीचा.

सावित्री पिशवीत जुनी लुगडी भरत होती. वर न बघताच तिने विचारलं, "भाई, माका कोणी वाढवल्यान?"

"तुझ्या आजयेन."

"कित्याक?"

भाई दाराची कडी चाचपू लागले.

"पाय भायर इले, डोक्या अडाकला. मी वाचलंय, आवस माका जल्म देताना गेली. साठ वर्सां सगळे माझे पाय मागतत. तिची कोणी चौकशी करूक नाय." तिने पिशवी उचलली. "बाजूक हो! ओमकार, रिक्षा काढ."

दुपारी सिझरने मुलगी झाली. दोघी सुखरूप. संचिताला खाटेवर आणलं तेव्हा सावित्री उशाशीच बसली होती.

"आई," संचिताने विचारलं, "तुमच्या आवशीचा नाव काय होता?"

सावित्रीने तिच्याकडे वळून बघितलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"मथुरा," ती म्हणाली.