मोकळी पट्टी

बाईंना ऐकू येईनासं होऊन वर्ष उलटलं होतं आणि वहिनीचं पहिलं गाणं रेकॉर्ड होऊन पडून होतं. बाई म्हणजे तिच्या गाण्याच्या बाई. लहानपणापासून ती त्यांच्यासमोर बसून शिकली. बाईंनी तिचं कधी कौतुक केलं नाही. जमलं की त्या "पुढे" म्हणायच्या, नाही जमलं की "परत". त्यांच्या "पुढे"शिवाय वहिनीने आजवर लोकांसमोर काही गायलं नव्हतं. हे गाणं बाईंनीच शिकवलेलं. ते तर ती मुळीच बाहेर सोडायला तयार नव्हती.

"पण त्यांना ऐकवणार कसं?" नणंदेने विचारलं.

"माझ्या पाठीवर हात ठेवा, मी गाते, म्हटलं. तर म्हणाल्या, पाठीवर हात ठेवून खोकला कळतो, गाणं नाही."

नणंद एका दैनिकात पानं लावायची. रेकॉर्डचं कव्हर तिनेच करायचं हे घरात कधीच ठरलं होतं, कारण घरच्या माणसाला दहा वेळा परत करायला सांगता येतं.

"तू असं कव्हर कर," वहिनी म्हणाली, "की बघून बाईंना गाणं कळेल."

"मी पानं लावते गं. चमत्कार राशिभविष्यवाल्याकडे."

पण ती कामाला लागली. ड्यूटी संध्याकाळी असायची, त्यामुळे दुपार मोकळी होती. गाणं संथ होतं, म्हणून तिने आधी सगळं निळं केलं. वहिनीने ते हातभर लांब धरून पाहिलं. "दवाखान्याची भिंत छान झालीय." मग नणंदेने कडेने वेल काढली, मध्ये उगवता सूर्य ठेवला. "हे कुणाच्या तरी लग्नाला वापर," वहिनी म्हणाली.

"मग तूच सांग ना! गाताना तुला डोळ्यांपुढे काय दिसतं?"

"काही दिसत नाही. श्वास पुरेल का, एवढीच काळजी असते."

हे मात्र नणंदेच्या कामाचं निघालं. तिने छापखान्यातून रंगांच्या नमुन्यांचे जुने कागद आणले आणि गाणं लावून टेबलावर पट्ट्या मांडायला बसली. एक श्वास, एक पट्टी. श्वास लांब तर पट्टी रुंद. आवाज खाली असेल तिथे करडा, मग मोतिया. आवाज उघडत गेला तसा गव्हाळ, तपकिरी, आणि अगदी वर डाळिंबी. वहिनी जिथे गप्प राहिली तिथे कोरा कागद. एखादा रंग खोटा वाटला की ती तो उचलायची आणि गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकायची. तिला वाटलं होतं गाणं दुःखाचं आहे. तसं नव्हतं. येणारा येणार हे ठाऊक असलेल्या माणसाचं ते वाट पाहणं होतं. त्यात निळ्याला कुठेच जागा निघाली नाही.

तयार कव्हर वहिनीने डावीकडून उजवीकडे नीट पाहिलं. मग तिने उजव्या कडेवर बोट ठेवलं. तिथे पट्ट्या बारीक होऊन एकमेकींवर चढल्या होत्या.

"इथे गर्दी का?"

"तू गायलीस तशी."

"जागा संपली म्हण की."

"मला जागा कधी संपत नाही. मी मजकूर कापते."

"मग काप. कड नीट कर. कव्हर आहे, पंचनामा नाही."

"बाईंना दाखवायचंय ना? खोटं दाखवू?"

"वन्सं, तुम्ही अगदी भावाच्या वळणावर गेलात."

वहिनी "वन्सं" आणि "तुम्ही"वर आली की बिनसलंय असं समजायचं. नणंदेने कड बदलली नाही. दुसऱ्या दिवशी दोघी बाईंकडे गेल्या त्या एका रिक्षात, पण दोन बाजूंना पाहत.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. बोलणाऱ्याचे ओठ पाहून त्यांना बरंचसं कळायचं. स्वतः मात्र त्या गरजेपेक्षा मोठ्याने बोलत. नणंदेने कव्हर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पट्टी म्हणजे श्वास, कोरं म्हणजे थांबा, एवढंच सांगितलं.

बाईंनी डावीकडून बोट चालवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने त्या गुणगुणू लागल्या. सूर किंचित सरकलेला होता. वहिनीने मान खाली घातली. पण बोट कुठे चुकत नव्हतं: करड्यावर रेंगाळलं, गव्हाळावर सैल झालं, डाळिंबीवर दाबलं गेलं. उजव्या कडेपाशी ते अडलं. बाई थोडं मागे आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा अडल्या.

"शेवटच्या ओळीआधी थांबायला शिकवलं होतं. ते कुठे गेलं?"

नणंदेने वहिनीकडे पाहिलं. वहिनीला ओठ हलवणंही जड जात होतं.

"थांबले की वाटतं," ती म्हणाली, "बाईंना आता कायम हेच ऐकू येतं. मग थांबवत नाही."

बाईंनी तिला पुन्हा सांगायला लावलं. वहिनीने पुन्हा सांगितलं. बाई हसायलाच लागल्या.

"अगं वेडे! शांतता असती तर काय हवं होतं? माझ्या डोक्यात दिवसभर कुकरची शिट्टी चालू असते. एक मिनिट शांत म्हणून मिळत नाही." कव्हरच्या कडेवर टिचकी मारत त्या म्हणाल्या, "तू माझ्यासाठी घाबरून माझाच थांबा खाल्लास. परत."

वहिनी रडत होती आणि हसत होती. वर्षभरात तिला कुणी "परत" म्हटलं नव्हतं.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "कड बदलली नाहीस, बरं केलंस गं."

"मग ती वन्सं?"

"ती परत घेतली."

रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीकडून आठवडा मागून घेऊन गाणं पुन्हा रेकॉर्ड झालं. नणंदेने नव्या कागदावर शेवटच्या सोडून बाकी पट्ट्या तशाच मांडल्या आणि टेबलाशी बसून ऐकलं. डाळिंबी संपली. मग वहिनी थांबली. इतकी थांबली की नणंदेला वाटलं यंत्र बंद पडलं, तिचा हात बटणाकडे गेला, आणि तेवढ्यात शेवटची ओळ आली, अगदी खालून, पहिल्याच करड्यातून. नणंदेने त्या थांब्याला साऱ्या कव्हरवरची सर्वांत रुंद जागा दिली. तिथे तिने काहीच लावलं नाही. पानं लावण्याच्या साऱ्या नोकरीत तिने एवढी जागा मोकळी सोडली नव्हती.

नवीन कव्हरवर बाईंचं बोट न अडता चालत गेलं. कोऱ्या जागेशी आल्यावर त्यांनी बोट उचललं आणि पूर्ण तळहात तिथे टेकवला. डोळे मिटले. रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. ते दोघींनी ऐकलं, बाईंनी नाही. वहिनी श्वास धरून बसली होती.

बाईंनी हात उचलून शेवटच्या करड्या पट्टीवर नेला.

"पुढे," त्या म्हणाल्या.

निघताना नणंदेने सोबत आणलेलं जुनं कव्हर पिशवीत टाकायला उचललं. बाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"ते चुकीचं आहे, बाई," ती ओठ स्पष्ट हलवत म्हणाली.

"म्हणूनच ठेवतेय. नवीन ऐकायला आहे. हिचं चुकलेलं मला यातच ऐकू आलं." आणि त्यांनी दोन्ही कव्हरं खिडकीच्या कट्ट्यावर, उजेड पडेल अशी, शेजारी शेजारी उभी केली.