पोटात पाच दुभाषे, तोंडाला कुलूप

मी झरीच्या सिद्धोधन सरांच्या घरातला जुना संगणक आहे, मित्रांनो. वय वर्षे बारा. माणसांत बारा वर्षांचं पोर अजून सातवीत असतं. आमच्यात मात्र बारा वर्षांचा म्हणजे पिकलं पान. माझ्या डब्याची एक बाजू कायम उघडी असते, पंखा फिरताना धापा टाकतो, आणि मी सुरू होईपर्यंत चुलीवर चहा होऊन जातो. तरी मला कुणी भंगार म्हटलं की माझं टाळकं सरकतं. मी चिडका आहे हे आधीच सांगून ठेवतो. पण माझ्यावर काय गुदरलं ते ऐका, आणि मग ठरवा.

माझा जन्म परभणीचा. बन्सीधर नावाच्या कारागिरानं चार ठिकाणचे भाग आणून मला त्याच्या दुकानात जोडलं. शेवटचा स्क्रू आवळून तो म्हणाला, "सर, याला धुळीपासून जपा. बाकी हा तुम्हाला दगा देणार न्हाई." सरांनी मला एसटीत मांडीवर घेऊन झरीला आणलं. घरी सरांच्या आई, सरजाबाई, वाटच पाहत होत्या. त्यांनी पदरानं माझा पडदा पुसला आणि विचारलं, "सिध्या, याला एवढ्या शेपट्या कामून रं?" सगळे हसले. मला मात्र ती बाई तिथल्या तिथे आवडली.

पहिली काही वर्षं माझी फार चलती होती. शाळेचे निकाल मी करायचो, विहारातल्या कार्यक्रमांच्या पत्रिका मी करायचो. दहावीचा निकाल लागला की अख्खी गल्ली माझ्यासमोर उभी राहायची. "सरांचा कंप्यूटर लय भारी हाय," असं पोरं म्हणायची आणि मी आपला गालातल्या गालात फुगायचो.

मग कोरोनाचं वर्ष आलं. सरांना घरून शिकवायचं होतं, म्हणून त्यांनी मला एक कॅमेरा जोडला. त्यात छोटा माईक होता. आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मला बाहेरून काहीही जोडलं की त्याच्यासोबत एक ड्रायव्हर येतो. हा गाडी हाकणारा ड्रायव्हर नव्हे. हा असतो दुभाषा. माईक काय म्हणतो ते तो मला सांगतो आणि मी काय म्हणतो ते माईकला सांगतो. तो नसेल तर मी बहिरा आणि मुकाही. माझ्या पोटात एक दुभाषा जन्मापासून होताच. कॅमेऱ्याचा हा दुसरा आला.

पुढे सरांना गाणी रेकॉर्ड करायचा नाद लागला. सर स्वतः गाणी लिहितात आणि गातातही बरी. मागच्या खोलीच्या भिंतींना त्यांनी गोधड्या टांगल्या, दाराला बारदाना लावला. कानात घालायचा बिनतारी हेडफोन आला, त्याचा तिसरा दुभाषा आला. सेलूच्या एका मित्रानं आपला आवाज मिसळायचा जुना मिक्सर दिला, त्याचा चौथा आला. पुढे तो मित्र वारला आणि मिक्सरही बंद पडला. हेडफोन हरवला. कॅमेऱ्याची तार उंदरानं कुरतडली. वस्तू गेल्या, पण दुभाष्यांना कुणी जा म्हटलं नाही.

कारण या घराची एक रीत आहे. खरं तर साऱ्या गावाचीच आहे. काहीही टाकायचं नाही. माळ्यावर कूलरची जळालेली मोटर आहे, एक वातीचा स्टोव्ह आहे, बूड गेलेली घागर आहे. कुणी विचारलं की एकच उत्तर, "असू द्या, कामाला येईल." घागर खरंच कामाला येते, तिच्यात तुळस नाहीतर कोरफड लावता येते. पण माझं पोट म्हणजे माळा नव्हे हो! माझ्या पोटात आवाज यायला एकच दार आहे, आणि त्या दारात हे चौघे आडवे पडलेले. सरांनी काही वापरायला घेतलं की चौघेही एकदम उठायचे. एक ना धड, भाराभर चिंध्या!

तरी मी कसंबसं चालवून घेत होतो. चालवून घेतलं नसतं तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.

गेल्या वर्षी सरजाबाईंचा आवाज बसायला लागला. आधी सगळ्यांना वाटलं, खोकला आहे. मग नांदेडच्या डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं. सोमवारी ऑपरेशन ठरलं. गाठीसोबत स्वरयंत्रही काढावं लागणार होतं, म्हणजे जीव वाचणार होता पण आवाज कायमचा जाणार होता. शुक्रवारी सर घरी आले ते माझ्यासमोरच्या खुर्चीत नुसते बसून राहिले. त्यांनी मला सुरूसुद्धा केलं नाही.

सरजाबाईंचा आवाज म्हणजे काय चीज होती, ते झरीच्या बायांना विचारा. जन्मभर त्यांनी कापूस वेचला आणि वेचता वेचता गाणी रचली. कागदावर एकही नाही, सगळी त्यांच्या गळ्यात. वेचणीच्या बाया त्यांच्या शेजारची ओळ मिळावी म्हणून भांडायच्या. आता सोमवारी तो गळाच मुका होणार, आणि गाणी त्याच्यासोबत जाणार. सरांनी ठरवलं की दोन दिवसांत जमतील तेवढी उतरून घ्यायची. फोनवर घेऊन पाहिलं, तर आवाज इतका बारीक झालेला की फोन तो गोंगाट समजून गाळून टाकायचा. परभणीच्या स्टुडिओत जायला बाई तयार नव्हत्या. म्हणाल्या, "परक्याच्या घरी माझा गळा खुलत न्हाई." मग उरलो मी, आणि सरांनी नुकताच घेतलेला मोठा माईक आणि त्याचा आवाज माझ्यापर्यंत पोचवणारा डबा. त्या डब्यासोबत पाचवा दुभाषा माझ्या पोटात उतरला.

शनिवारी सकाळी बाई माईकसमोर बसल्या. त्यांनी गायला सुरुवात केली. मित्रांनो, मला सगळं ऐकू येत होतं! माईकमधून आवाज माझ्या दारापर्यंत येत होता. पण दारात पाचही जण एकमेकांच्या उरावर. एकानं शब्दाचं डोकं ओढलं, दुसऱ्यानं शेपूट. सरांनी ऐकलं तेव्हा नुसती कडकड, मध्येच मुकेपणा, मग बाईंचा आवाज एखाद्या पुरुषासारखा जाड आणि संथ. सर चरकले.

मी ओरडत होतो. पण माझं ओरडणं म्हणजे काय, तर पडद्यावर एक छोटी चौकट. तिच्यात इंग्रजीत चार शब्द, की हे यंत्र दुसऱ्या कुणीतरी अडवून धरलं आहे. खाली एक बटण, ओके. सरांना इंग्रजी येतं, पण घाईत कोण वाचतं? चौकट आली की सर ओके दाबायचे. मी पुन्हा चौकट दाखवायचो, ते पुन्हा ओके दाबायचे. अहो, काय ओके? काहीही ओके नव्हतं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्या दिवशी अठ्ठावीस वेळा खाल्ला.

दुपारी सरांच्या शाळेतले उद्धव सर मदतीला आले. माणूस मनाचा चांगला. त्यांनी मला हलवून पाहिलं, तारा काढून घातल्या आणि म्हणाले, "सर, एक सगळ्यांना चालणारा ड्रायव्हर मिळतो. तो टाकून बघू."

"आधीचे काढायचे का?" सरांनी विचारलं.

"असू द्या की. कामाला येतील."

झालं! सहावा आत आला. बाई पुन्हा बसल्या, पुन्हा गायल्या आणि अर्ध्यात माझा पडदा निळा झाला. मी बेशुद्धच पडलो म्हणा. शुद्धीवर आलो तेव्हा सरजाबाई घशाला हात लावून बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना कमी बोला असं बजावलं होतं, आणि इथे त्यांचा उरलासुरला आवाज वाया चालला होता. त्या हळूच म्हणाल्या, "सिध्या, माझं गाणं सरायलंय आन् तुझ्या डब्याची तयारी होईना."

सर म्हणाले, "भंगार हाय माय हे. जाळून टाकावं वाटायलंय."

मला राग आला नाही. लाज वाटली. माझ्या दारात तिचं गाणं उभं होतं आणि मला दार उघडता येत नव्हतं. मला हात असते तर मी स्वतःच्या पोटातून एकेकाला बकोटीला धरून बाहेर काढलं असतं. पण मला हात नाहीत. माझ्याकडे फक्त ती चौकट होती, आणि चौकटीला उत्तर ठरलेलं होतं.

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं सुकेशनी आली. सरांची ही लेक सोनपेठला कचेरीत नोकरीला आहे. दिवसभर लोकांचे अर्ज वाचायचे, हेच तिचं काम. तिनं मला सुरू केलं, चौकट आली, सरांचा हात सवयीनं माऊसकडे गेला.

"थांबा पप्पा," ती म्हणाली. "हा काय म्हणायलाय ते तरी वाचू द्या."

तिनं वाचलं. मोठ्यानं, एकेक शब्द. मित्रांनो, बारा वर्षांत माझं बोलणं कुणीतरी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. माझा पंखा उगाच जोरात फिरायला लागला.

मग तिनं माझ्या आतली यादी उघडली. जे दिसत नव्हते तेही दाखव म्हटलं, आणि सहाच्या सहा उजेडात आले. कॅमेरा नाही, हेडफोन नाही, तरी त्यांचे दुभाषे ठाण मांडून! तिनं सगळ्या तारा उपटल्या आणि एकेकाला मुळासकट काढायला लागली. कॅमेऱ्याचा काढला, मला परत सुरू केलं, तर तो आपला पुन्हा जागेवर! इंटरनेटनं मला न विचारता परत आणून बसवलेला. सुकेशनी म्हणाली, "हा लय चिकट हाय," आणि तिनं इंटरनेटची तारही काढली. मग कॅमेऱ्याचा गेला, हेडफोनचा गेला, उद्धव सरांनी आणलेलाही गेला. नव्या डब्याचासुद्धा तिनं तेवढ्यापुरता काढला. जन्मापासूनच्याला तिनं काढलं नाही, फक्त गप्प बसवलं. शेवटी मिक्सरच्या दुभाष्यावर तिचं बोट थांबलं.

"तो राहू दे," सर म्हणाले. "मिक्सर दुरुस्त झाला तर लागेल."

"पप्पा, तीन वर्षं झाली."

"सेलूच्या दोस्ताची आठवण हाय गं ती. असू दे. कामाला येईल."

सुकेशनीनं माऊस सोडला आणि ती खुर्चीवरून उठली. "मग तुमीच ठरवा," ती म्हणाली. "काकांची आठवण तुमच्याजवळ हाय, ती कुठं जायली? पण आजीचा आवाज उद्या जायलाय."

सर खुर्चीत बसले. मिक्सरच्या नावाकडे पाहत राहिले. आणि त्यांनी स्वतः बटण दाबलं.

मी बंद झालो, सुरू झालो. पोट इतकं रिकामं मला जन्मापासून वाटलं नव्हतं. सुकेशनीनं आधी नव्या डब्याचा एकटा दुभाषा पुन्हा आत घेतला, मग डबा जोडला, आणि आवाज मोजायचा माझा आणि डब्याचा वेग एकच ठेवला. सरजाबाई आल्या. हात मोकळे असले की त्यांना गाणं सुचत नाही, म्हणून सुकेशनीनं त्यांच्या ओटीत कापसाची बोंडं टाकली. कापूस सोलताना आवाज होत नाही, म्हणून तेही बरं झालं. बाईंनी एक बोंड उकललं आणि गळा लावला:

झरीच्या रानामधी कापूस मी येचिते
लेकीच्या वहीतलं अक्षर मी वाचिते

आवाज बारीक होता, घोगरा होता, मध्ये श्वास अडकत होता. पण तो अख्खा आला. डोक्यापासून शेपटापर्यंत, जसाच्या तसा. मी एक कणही सांडू दिला नाही. चाळीस मिनिटं बाई गायल्या, आणि मग त्यांनी हातानंच बास म्हटलं. सर बाहेर जाऊन तोंड धुवून आले. धूळ गेली म्हणाले डोळ्यात.

सोमवारी ऑपरेशन झालं. महिन्याभरानं सरजाबाई घरी आल्या, गळ्याला पांढरं फडकं बांधून. जीव वाचला, आवाज गेला. आता त्या मान हलवतात, टाळी वाजवतात, फार झालं तर पाटीवर एखादा शब्द लिहितात. पहिल्या दिवसांत त्यांनी आपली गाणी ऐकायला नकार दिला. माझ्याकडे पाठ करून बसायच्या.

सुकेशनीनं त्या चाळीस मिनिटांतलं काहीच कापलं नव्हतं. गाण्यांच्या मधलं बोलणंही वेगळं काढून ठेवलं होतं. एका दुपारी घरात कुणी नसताना बाई माझ्यासमोर बसल्या आणि एका बोटानं एकेक ऐकत गेल्या. चौथ्यावर थांबल्या. त्या रविवारी सर मध्येच शेजारची पिठाची चक्की बंद करा म्हणून सांगायला गेले होते. ते परत आले तेव्हा बाईंनी ऐन गाण्यात गाणं सोडून विचारलं होतं, "आलास का सिध्या? कवाचा उपाशी हायस, भाकर खाऊन घे आधी." एवढंच ते बोलणं. बाईंनी ते सात वेळा ऐकलं.

संध्याकाळी सर शाळेतून आले. उंबऱ्यात एक बूट काढला आणि आतून आवाज आला, आलास का सिध्या. सर दुसरा बूट हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आलो माय." आणि खरंच आधी जेवायला बसले.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही, पण माझं एक मागणं आहे. आम्ही यंत्रं चौकटीत चार शब्द बोलतो, ते ओके दाबण्याआधी वाचा. नवं आत घेताना जुन्याला आधी निरोप द्या. आणि घरात कुणाचा आवाज जपायचा असेल तर तो आजच जपा, घसा बसायची वाट पाहू नका. आता मला पुढे बोलता यायचं नाही. बाहेर सरांच्या गाडीचा आवाज आला आहे, आणि सरजाबाईंनी माऊसवर बोट ठेवलं आहे.