माहेरचं लुगडं येईपर्यंत

आई सकाळी वारली, सिडकोतल्या आमच्या घरी, चहा अर्धा ठेवून. डोळे दान करायचे हे तिनं ठरवलेलंच होतं. गेल्या वर्षी सरकारच्या अवयवदान पंधरवड्यात सांडूमामांनीच तिचा अर्ज भरून घेतला होता. मामा म्हणजे तिचे धाकटे भाऊ, पिशोरजवळच्या आमच्या आजोळचे सरपंच. ठरवून दिलेल्या आकड्याच्या दुप्पट अर्ज त्यांनी गोळा केले होते. प्रशस्तिपत्र ओसरीवर टांगलंय.

नेत्रपेढीचे डॉक्टर लगेच आले. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. पण द्वारकाआत्या उशाशी बसून होती.

"माहेरचं लुगडं आल्याबिगर बाईला कुणी हात लावायचा नाय."

आमच्यात हा कायदाच. डॉक्टर व्हरांड्यात थांबले. "घरात वाद असेल तर आम्ही परत जातो," एवढंच म्हणाले.

मामा दुपारी पोचले. त्यांनी लुगडं आईवर पांघरलं, मग त्यांचं लक्ष व्हरांड्यातल्या डॉक्टरांकडे गेलं.

"हे कशापायी?"

"डोळ्यांसाठी, मामा. अर्ज तुम्हीच भरलात."

"अगं, अर्ज येगळा! वर आकडा कळवायचा व्हता. खरंच द्या म्हणून कोण म्हणलं? पुढल्या जन्मी अक्का आंधळी आली म्हंजी?"

पंधरवड्यातल्या भाषणात हीच अंधश्रद्धा त्यांनी झोडपली होती. आईनं ते भाषण मला मोबाइलवर कौतुकानं दाखवलं होतं.

वेळ संपत आली होती. वाद घातला असता तर मामा आणखी अडून बसले असते.

"बरं, डॉक्टरांना पाठवते परत," मी म्हणाले. "सव्वीस जानेवारीच्या सत्कारालाही माहेरचं कुणी येणार नाही, असं कळवते."

"कसला सत्कार?"

"दात्याच्या घरच्यांचा. कलेक्टर ऑफिसात." मी ठोकून दिलं.

"कलेक्टर सोता?"

"असतील."

मामांनी टोपी सारखी केली. "मंग डॉक्टरांना ताटकळत काय ठिवलंय? द्वारकाबाई, सरका जरा. सरकारी काम हाय."

"लई सरकारी!" आत्या पुटपुटली, पण उठली.

काम आटोपून डॉक्टर गेल्यावर मामांनी पदर हळूच बाजूला केला. बराच वेळ बघत राहिले. आई झोपल्यासारखी होती.

"अक्काच हाय की गं," ते म्हणाले आणि हमसून रडायला लागले. रडतारडताच म्हणाले, "त्या कलेक्टरला सांग, नाव माझं नको. अक्काचं पुकारा म्हणावं."

मी सांगते म्हणाले.