लॉइडची माशी

ड्यूईने आपल्या रायफलीवरचा रेड डॉट कंपनीला तिसऱ्यांदा परत पाठवला, तेव्हा पार्सल पोस्टात मीच नेऊन टाकलं. आत चिठ्ठी होती : ‘ठिपका गोल नाही. स्वल्पविरामासारखा दिसतो. जरा तरी लाज बाळगा.’ कंपनीने बिचारीने तिन्ही वेळा नवा पाठवला आणि तिन्ही वेळा त्यात स्वल्पविरामच निघाला. आजकाल कुणाला साधा गोल काढता येत नाही, असा ड्यूईने निष्कर्ष काढला. डोळे तपासून घे म्हटलं की हा माझा नवरा सदुसष्टाव्या वर्षी तोंड फुगवून गोठ्यात जाऊन बसायचा.

आमच्या नेमबाजी क्लबात हरणांचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी सगळे आपापल्या रायफली घेऊन येतात आणि पहिल्या टेबलावर ड्यूई त्यांचा नेम बसवून देतो. बावीस वर्षं तोच देतोय. मी शेजारच्या टेबलावर बीन्स आणि मक्याचा पाव वाढते. रेड डॉट म्हणजे रायफलीवर बसवलेली काचेची खिडकी. तिच्यात लाल ठिपका दिसतो, आणि ठिपका जिथे, गोळी तिथे. सेल संपला तर अडायला नको म्हणून पुढे लोखंडी माशी, म्हणजे नेम धरायची खुंटी, आणि मागे बारीक भोकाची पट्टी असते, एरवी दोन्ही आडव्या पाडलेल्या. उभ्या करायच्या, भोकातून बघायचं, माशीच्या टोकावर ठिपका टेकला की दोघांचं जमलं. ड्यूई मात्र त्या लोखंडाला म्हाताऱ्यांची काठी म्हणायचा आणि कुणाच्याही रायफलीवर ते उभं करायचा नाही.

त्या शनिवारी बर्नाडीन आली ती लॉइडची रायफल घेऊनच. लॉइड तिचा नवरा, जाऊन चार वर्षं झाली. रायफलीच्या पट्ट्याला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता, त्यावर लिहिलेलं : विकणे आहे.

“हे काय गं?” मी विचारलं.

“संपलं माझं, लव्हॉन,” ती म्हणाली. “तीन हंगाम झाले, एक हरीण नाही. मागच्या वर्षी तर चाळीस पावलांवर उभं होतं, माझ्याकडे बघत. तेही गेलं. फ्रीजरमध्ये नुसते मटार आहेत. हात थरथरतो की नजर गेली, देव जाणे. किप घेतो म्हणालाय.”

किप रॅस्डॉल मागेच उभा होता. पस्तिशीचा, दाढीवाला, आमच्या मैदानावर कधी गोळ्या झाडायच्या आणि कधी थांबायचं ते भोंग्यातून सांगणारा. घेतो म्हणालेल्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने बीन्सकडे पाहिलं.

बर्नाडीनने रायफल ड्यूईपुढे ठेवली. “देताना नीट करून द्यावी. एक शेवटचं बसवून दे.”

“दरवर्षी बसवतोय की,” ड्यूई म्हणाला. “रायफलीला काही झालेलं नाही. तूच चाप ओढताना मान उचलतेस.”

“उचलत असेन,” ती म्हणाली, आणि मला तो टेबलावरचा डाव याच्या टाळक्यात घालावासा वाटला. “पण या वेळी लॉइडच्या माशीशी ठिपका जुळवून दे. ती माशी त्याने बसवलीय, तिला कुणी हात लावलेला नाही.”

“ती काठी आता कशाला उगाच?”

“विकतेय ना मी? मग माझं एक ऐक.”

ड्यूईने सुस्कारा सोडला, इतका मोठा की पलीकडच्या टेबलालाही कळावं याचा किती छळ चाललाय. माशी उभी केली, मागची पट्टी उभी केली, गाल दस्त्याला लावला. “बघ,” तो म्हणाला, “ठिपका कुठे, माशी कुठे. वर उजवीकडे तरंगतोय. लॉइडला बसवता येत नव्ह—”

त्याने डोळे चोळले.

त्याने मान उचलून पाहिलं. पुन्हा गाल टेकवला. पुन्हा उचलली. पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखं त्याचं चाललेलं. मग त्याने भोकाची पट्टी आडवी पाडली, बघितलं, उभी केली, बघितलं. किपने भोंगा खाली ठेवला.

“लव्हॉन,” ड्यूई हळू आवाजात म्हणाला, “या भोकातून बघितलं की गोल आहे.”

“काय गोल आहे?”

“ठिपका.”

बारीक भोकातून बिघडलेल्या डोळ्यालाही नीट दिसतं. म्हणजे तिन्ही पार्सलं मी फुकट नेली होती.

“डॉट बंद कर,” बर्नाडीन म्हणाली. “ती माशी खोटी आहे म्हणतोस ना? दाखव मला.”

त्याने डॉट बंद केला आणि नुसत्या माशीवर नेम धरून तीन गोळ्या झाडल्या. किपने सगळ्यांच्या बंदुका खाली ठेवायला लावल्या आणि आम्ही निशाणाच्या कागदापर्यंत चालत गेलो. तिन्ही भोकं मध्यावर होती, एका बशीत मावतील एवढी. लॉइडने चार वर्षांपूर्वी बसवलेलं जागचं हललं नव्हतं. म्हणजे ठिपकाच खोटा. ड्यूई गेली तीन वर्षं स्वल्पविरामाच्या शेपटीने नेम धरून ठिपके बसवत होता. ज्याचे डोळे धड, तो ठिपक्याने नेम धरणार आणि त्याची गोळी जाणार खाली डावीकडे.

ड्यूईने तिन्ही भोकांवरून अंगठा फिरवला. तो परत आला, किपच्या हातातून भोंगा घेतला आणि म्हणाला, “गेल्या तीन वर्षांत मी ज्यांच्या रायफली बसवल्या, त्यांनी पुन्हा रांगेत या. सगळ्या चुकीच्या आहेत. दोष माझ्या डोळ्यांत आहे.”

तीसेक माणसं होती. एकही जागचा हलला नाही. सगळ्यांना अचानक आपल्या बुटांच्या नाड्या फार आवडायला लागल्या.

“अरे, ऐकू येतंय ना?”

शेवटी किपच खाकरला. “ड्यूई, त्या नीट आहेत. दर रविवारी... म्हणजे तुमच्या शनिवारनंतरच्या रविवारी, सगळे माझ्या शेतावर येतात. मी पुन्हा बसवून देतो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून कुणी बोललं नाही.”

“सगळे?”

“सगळे.”

बर्नाडीनने हळूच मान वळवली. “मला कुणी नाही सांगितलं.”

ती कधी तक्रार करायला आली नाही म्हणून तिची रायफल कुणाच्या ध्यानात आली नाही. तिने ड्यूईवर विश्वास ठेवला आणि दोष स्वतःच्या हाताला दिला. तीन हिवाळे ती मटार खात बसली.

ड्यूई खाली बसला. भोकातून बघत त्याने स्क्रू फिरवला, एक टिक, दोन टिक, लॉइडच्या माशीच्या टोकावर ठिपका अगदी टेकेपर्यंत. माशीला बोटही लावलं नाही. मग बर्नाडीनच्या हातात रायफल दिली. तिने पाच गोळ्या झाडल्या. हात थरथरत नव्हता, नजरही कुठे गेली नव्हती. पाचही भोकं मध्यावर असलेला कागद आणला तेव्हा तिने सुतळी दातांनी तोडली आणि तो पुठ्ठा ड्यूईच्या शर्टाच्या खिशात कोंबला.

“आता तूच विकायला उभा राहा,” ती म्हणाली. “बघू कोण घेतंय ते.”

घरी येताना गाडी मी चालवत होते. ड्यूईने खिशातला पुठ्ठा काढून मांडीवर धरला.

“तुला दरवर्षी हरीण मिळतं,” तो म्हणाला.

“मिळतं.”

“मी सगळ्यांना सांगत फिरतो, माझा हात लागलाय त्या रायफलीला म्हणून.”

“माहीत आहे मला.”

“किपच्या शेतावर पहिलं कोण गेलं होतं?”

मी गिअर बदलला. खोटं बोलायला मला येतं, चांगलं येतं, पण त्या दिवशी पुरे झालं होतं.

“मी.”

त्याने मान हलवली. मी म्हटलं, आता हा तोंड फुगवणार, थेट ईस्टरपर्यंत. पण त्याने एवढंच विचारलं, “मग जाताना बर्नाडीनला का नाही घेऊन गेलीस?”

तिचं घर आमच्या रस्त्यावरच आहे. त्या रविवारी मी तिच्या दारावरूनच गेले होते, हातसुद्धा केला होता.

त्या हंगामातलं माझं हरीण मी कापलं, कागदात बांधलं आणि अख्खं तिच्या फ्रीजरमध्ये ठेवायला नेलं. तिथे जागा नव्हती. तिचं स्वतःचं आधीच आलं होतं.